नियम, अपवाद आणि यंत्राची बुद्धी



आजच्या विषयाचा फलक वाचून काल एका परिचित गृहस्थांनी मला चौकात थांबवले आणि विचारले, "तुम्ही मस्टर आणि बोनसवाले. कृत्रिम बुद्धीशी तुमचा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते साखर कारखान्याच्या गव्हाणीजवळ, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि नगरच्या वाचनालयात. गणिताची चिन्हे पाहिली की मला आजही घाम फुटतो. तेव्हा एखाद्या प्राध्यापकासारखे मी सांगावे अशी अपेक्षा ठेवू नका. नियम आणि अपवाद यांच्याशी मात्र तीस वर्षे माझी रोज गाठ पडते आहे, आणि यंत्राला विचार करायला शिकवू पाहणारी मंडळी नेमकी याच जागी अडखळली, असे मला कळले तेव्हा मला त्यांच्याविषयी एकदम जवळीक वाटू लागली.

हे कळले ते माझ्या पुतणीमुळे. ती पुण्याला संगणकाच्या कंपनीत पगारपत्रकाचे नियम यंत्रात घालण्याचे काम करते. एकदा दिवाळीत ती म्हणाली, "काका, नियम घालणे सोपे असते हो. अपवाद घालताना जीव जातो." मी म्हटले, "अगं, आमचे तर पोटच अपवादांवर चालते!" त्या दिवसापासून ती मला लेख आणून देते, मी वाचतो, अडते तिथे तिला विचारतो. आजचे भाषण म्हणजे त्या अभ्यासाचा हिशेब आहे.

प्रथम गृहीत म्हणजे काय ते पाहू. पाथर्डी-शेवगावकडचा मुकादम म्हणतो, "यंदा वीस कोयते आणलेत." आपण काय समजतो? एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. म्हणजे माणसे चाळीस. कुणी आपल्याला चाळीस मोजून दाखवलेली नसतात. पुढे कुणी सांगितले की त्यातला एक गडी एकटाच आला आहे, तो अर्धा कोयता, तर आपण मुकाट्याने एक वजा करतो. आधीचा निष्कर्ष खोटेपणाचा होता असे कुणी म्हणत नाही. त्या वेळी हाती असलेल्या माहितीवर तो योग्यच होता. नवी माहिती आली, तो मागे घेतला.

भूमितीत असे होत नाही. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन, हे एकदा सिद्ध झाले की पुढे कितीही माहिती मिळो, ते मागे घ्यावे लागत नाही. शास्त्रीय तर्कशास्त्र या जातीचे आहे. माहिती वाढली की निष्कर्ष वाढतील, कमी कधीच होणार नाहीत. आपला संसार मात्र मागे घेता येणाऱ्या निष्कर्षांवर चालतो. कायदाही चालतो. ज्या माणसाची वार्ता ज्यांना स्वाभाविकपणे लागायला हवी होती त्यांना सात वर्षे लागली नाही, तो जिवंत आहे असे जो म्हणेल त्याने ते सिद्ध करावे, असा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही हा नियम राहिला. आठव्या वर्षी तो गृहस्थ स्वतःच दारात उभा राहिला तर गृहीत संपले. पण या नियमाची बांधणी लक्षात ठेवा. माणूस मेला की नाही याचे ज्ञान तो देत नाही. पुरावा कुणी आणायचा, एवढेच तो सांगतो. मला या सर्व विषयाची किल्ली इथे सापडली.

कृत्रिम बुद्धी हे नाव ज्यांनी रूढ केले ते जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या बरोबरीची मंडळी यांना १९७० च्या दशकात कळून चुकले की भूमितीचा तर्क घेऊन यंत्र साधा बाजारहाटसुद्धा करू शकणार नाही. पक्षी उडतो हे यंत्राला सांगावे, तर पेंग्विन येतो, शहामृग येतो, पंख मोडलेला कावळा येतो. सगळे अपवाद आधी मोजून संपवा म्हटले तर पहिला पक्षी कधी उडायचाच नाही. १९८० साली 'आर्टिफिशिअल इंटेलिजन्स' या नियतकालिकाचा एक अंक याच विषयाला वाहिलेला निघाला. त्यात मॅकार्थी यांचा एक लेख, कॅनडातले रेमंड रायटर यांचा एक, मॅकडरमॉट आणि डॉइल या दोघांचा मिळून एक. प्रत्येकाचा तर्क वेगळा. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आणखी कितीतरी निघाले. या तर्कांची तुलना कोरड्या शब्दांत करण्यापेक्षा मी तुमच्यापुढे एक माणूस उभा करतो आणि प्रत्येक तर्क त्याचे काय करतो ते पाहतो.

हा माणूस म्हणजे साखर कारखान्यातला काट्यावरचा कारकून. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तिथल्या श्रोत्यांना काटा म्हणजे काय ते सांगायला नको. उसाची गाडी आली, भरलेली तोलली, रिकामी तोलली, पावती फाडली. गाळप बंद झाले की काटा थंड. आता आमच्याकडचे दोन सर्वसाधारण नियम घ्या. पहिला: कारकून कायम धरावा. दुसरा: ज्या खात्याला गाळप चालू असतानाच काम असते, त्या खात्याचा माणूस हंगामी धरावा. काट्यावरचा कारकून दोन्ही नियमांत बसतो. तो कायम की हंगामी? ही माझ्या कल्पनेतली गंमत नव्हे. या एका प्रश्नावर माझ्या आयुष्यातल्या किती तारखा गेल्या ते माझ्या बायकोला विचारा.

रायटर यांच्या तर्कात नियमाची बांधणी अशी: अमुक माहीत असेल, आणि तमुक मानण्याला आडकाठी करणारे काही हाती नसेल, तर तमुक मानावे. कारकून आहे हे माहीत आहे, कायम मानायला आडकाठी नाही, तर कायम माना. एकदा कायम मानले की दुसऱ्या नियमाला आडकाठी झाली. उलट सुरुवात दुसऱ्या नियमापासून केली तर तो हंगामी ठरतो आणि पहिला नियम अडतो. म्हणजे एकाच माहितीतून दोन वह्या तयार होतात. प्रत्येक वही आतून चोख, एकीतले दुसरीत नाही. रायटर या वहीला 'विस्तार' अशा अर्थाचा शब्द वापरतात. कोणती वही खरी, हे तो तर्क सांगत नाही. धाडसी माणूस एक उचलतो. सावध माणूस म्हणतो, दोन्ही वह्यांत जे समान असेल तेवढेच मी मानीन. कधी कधी नियमच असे चमत्कारिक असतात की एकही वही तयार होत नाही. आमच्या संघटनेतही एकदा दोन कार्यकारिणी होत्या आणि दोघींची इतिवृत्ते अगदी नियमाप्रमाणे लिहिलेली होती, तेव्हा मला हा प्रकार समजायला जड गेला नाही.

मॅकार्थी यांची वाट निराळी. प्रत्येक नियमात ते एक पाचर ठेवतात: कारकून, जर तो असामान्य कारकून नसेल तर, कायम असतो. मग यंत्राला सांगतात की जगात असामान्य गोष्टी जितक्या कमी मानता येतील तितक्या कमी मान. आमच्या कारकुनाच्या बाबतीत यंत्र उत्तर देते की हा माणूस एक तर असामान्य कारकून आहे, नाही तर असामान्य काटावाला आहे. कोणता ते ठरत नाही. उत्तर प्रामाणिक आहे, पण पगार कोणत्या तक्त्यातून काढायचा? शिवाय 'कमीत कमी असामान्य' ही कसोटी दिसते तितकी निर्धोक नाही. १९८७ साली येल विद्यापीठातल्या हँक्स आणि मॅकडरमॉट यांनी एक साधे कोडे घातले. बंदूक भरली, थोडा वेळ थांबले, मग माणसावर झाडली. माणूस मेला असेच कुणीही म्हणेल. पण यंत्राच्या हिशेबाने आणखी एक तितकाच काटकसरीचा वृत्तान्त निघाला: थांबलेल्या वेळात बंदूक आपोआप रिकामी झाली आणि माणूस जिवंत राहिला! कारण दोन्ही वृत्तान्तांत असामान्य गोष्टींची काटकसर सारखीच होती. रायटर यांचा तर्कही त्या कोड्यात सापडला. त्या एका बंदुकीने कित्येक विद्वानांची कित्येक वर्षे खाल्ली.

तिसरी वाट अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाचे डोनाल्ड न्यूट यांची. तिला आपण बाध्य-बाधक तर्क म्हणू. तीत नियम तीन प्रकारचे. काही अटळ. काही सर्वसाधारण, म्हणजे बाध येईपर्यंत चालणारे. आणि काही निव्वळ अडवणारे. ते स्वतः काही सिद्ध करीत नाहीत, दुसऱ्याला थोपवतात. न्यायालयाचा 'स्टे' तुम्हाला ठाऊक आहे. तो मालक बरोबर की कामगार हे सांगत नाही. थांबा, एवढेच म्हणतो. याखेरीज कोणता नियम कोणावर वरचढ हे वेगळे लिहावे लागते. ते लिहिलेले नसेल तर हे यंत्र काट्यावरच्या कारकुनाबद्दल काहीच ठरवत नाही. तो कायम आहे असेही म्हणणार नाही, हंगामी आहे असेही म्हणणार नाही. मला हा स्वभाव आवडला. आमच्या वेतनकरारातही तसेच असते. ज्या कलमाला दर्जा दिला नाही ते कलम भांडण मिटवत नाही; दर्जा द्यायचा तर तो दोन्ही पक्षांसमोर, शाईने. आणखी एक व्यावहारिक गुण. या तर्काची साधी रचना इतकी हलकी आहे की नियम दुप्पट झाले तर वेळ साधारण दुप्पट लागतो. मायकेल माहेर यांनी २००१ मध्ये हे सिद्ध केले. रायटर यांच्या तर्कात नियम वाढू लागले की कामाचा डोंगर होतो, तो शास्त्रीय तर्काच्या डोंगराहूनही मोठा.

आता 'वरचढ कोण' या प्रश्नाकडे येतो, कारण तो आपल्या घरातला प्रश्न आहे. पाणिनीच्या व्याकरणात सर्वसाधारण नियमाला उत्सर्ग म्हणतात आणि विशेष नियमाला अपवाद. दोहोंची गाठ पडली तर अपवाद जिंकतो. नियमांच्या बलाबलाचा हिशेब पुढे नागेशभट्टांनी 'परिभाषेन्दुशेखर' या ग्रंथात बांधून दिला. हे नागेशभट्ट आपल्याच काळे घराण्यातले, काशीत राहिलेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले जर्मन प्राध्यापक कीलहॉर्न यांनी त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले. त्यात उतरंड दिली आहे ती अशी की आधीच्या नियमाहून नंतरचा बलवान, त्याहून नित्य, त्याहून अंतरंग, आणि सर्वांवर अपवाद. मला व्याकरण येत नाही. पण ज्येष्ठतायादी ओळखता येते! आणि ज्येष्ठतायादी म्हटली की वाद आलाच. 'नंतरचा' म्हणजे सूत्रपाठात नंतर येणारा, असा अर्थ परंपरेने केला. २०२२ मध्ये केंब्रिजला ऋषी राजपोपट यांनी प्रबंधात असे मांडले की 'नंतरचा' म्हणजे शब्दाच्या उजव्या बाजूला लागणारा. पंडितांत त्यावर अजून एकमत नाही.

व्याकरणाच्याच परंपरेत तक्रकौंडिण्य न्याय नावाचा एक दाखला आहे. पंगतीत ब्राह्मणांना दही वाढायला सांगितले आहे आणि कौंडिण्य नावाच्या एकाला ताक द्यायला सांगितले आहे. कौंडिण्यही ब्राह्मणच. त्याला काय मिळेल? तुम्ही-आम्ही सगळे म्हणू, ताक. पण क्षणभर यंत्राच्या बुद्धीने विचार करा. दही आणि ताक यांत विरोध कुठे आहे? एकाच पानावर दोन्ही राहू शकतात. रायटर यांच्या तर्काने चालणारे यंत्र कौंडिण्याला दहीही वाढील आणि ताकही वाढील, कारण एकाने दुसऱ्याला आडकाठी होत नाही. ताक हे दह्याऐवजी आहे, ही गोष्ट माणसाला बोलण्याच्या ढंगावरून कळते; यंत्राला ती निराळी सांगावी लागते. जुन्या वैयाकरणांनी हे बरोबर हेरले होते की दोन्ही शक्य असतानासुद्धा विशेष नियम सामान्याला सारतो. पुतणीला हा दाखला सांगितला तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. म्हणाली, "काका, मागच्या महिन्यात आमच्या यंत्राने तीनशे माणसांना जुना भत्ताही दिला आणि नवा भत्ताही दिला. कौंडिण्याचेच झाले की हे!"

अपवाद जिंकतो हे ठरले. पण जिंकून तो किती मुलूख घेतो? माझ्या दृष्टीने या सर्व विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे.

१९९० च्या सुमारास ज्युडिया पर्ल आणि इतर काही जणांनी अशा पद्धती काढल्या की नियमांचे दर्जे यंत्राने आपले आपणच काढावेत. जो नियम अधिक विशेष, त्याला आपोआप वरचा दर्जा. कल्पना फार मोहक आहे. भांडायला कुणी नको, करार नको. पण तिच्यात एक खोट निघाली. पक्षी उडतात, पक्ष्यांना पंख असतात, पेंग्विन पक्षी आहे पण उडत नाही. आता पेंग्विनला पंख आहेत का? या पद्धतीला सांगता येत नाही! उडण्याच्या बाबतीत तो अपवाद ठरला, त्यामुळे पक्ष्याविषयीचे सगळेच सर्वसाधारण नियम त्याच्यापुरते बुडाले. विद्वान या दोषाला बुडण्याचाच दोष म्हणतात. रायटर यांच्या तर्कात हा दोष नाही, कारण तिथे प्रत्येक नियम आपापल्या पायावर उभा असतो. उडण्याचा नियम पडला तरी पंखांचा उभा राहतो. म्हणजे कौंडिण्याला दही-ताक दोन्ही वाढण्याचा वेंधळेपणा करणारा तर्क इथे मात्र न्यायी ठरतो. कोणताच तर्क सर्व बाजूंनी चांगला नाही, हे मला कबूल करावे लागले.

पेंग्विनचे पंख ऐकून कुणाला हसू आले असेल. हंगामी कामगाराची जागा तिथे ठेवून पाहा. कामगाराला बारमाही काम असते. कामगाराला सेवाज्येष्ठता असते. हंगामी कामगार हा कामगार आहे, पण त्याला बारमाही काम नसते. मग त्याला सेवाज्येष्ठता आहे का? किती कारखान्यांच्या कचेऱ्यांत मी हे ऐकले असेल, "तुम्ही हंगामी ना? मग यादी कसली मागता?" एका बाबतीत अपवाद, म्हणून सगळ्याच बाबतींत बुडालेला. त्या साहेबांच्या डोक्यात पर्ल यांची पद्धत चालू होती, त्यांना त्याचा पत्ता नव्हता एवढेच.

सर्वोच्च न्यायालयाने यावर काय केले ते सांगण्यासारखे आहे. पंजाबातल्या मोरिंडा सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यात १९९५ साली आणि आपल्या कृष्णा सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यात १९९७ साली प्रश्न असा होता की हंगाम संपल्यावर हंगामी माणसाचे काम थांबणे ही १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगारकपात होते का. न्यायालय म्हणाले, नाही. आमच्या दृष्टीने निकाल विरुद्ध गेला. पण त्याच निकालांत असेही सांगितले की कारखान्याने अशा कामगारांची नोंदवही ठेवावी आणि नवा हंगाम सुरू झाला की ज्येष्ठतेप्रमाणे त्यांना कामावर घ्यावे. अपवादाने उडणे घेतले, पंख ठेवले. तो १९४७ चा कायदा आता राहिला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी २०२० ची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. ती नोंदवहीची गोष्ट मी मात्र प्रत्येक वाटाघाटीत सांगतो.

नोंदवहीवरून दुसऱ्या एका गोष्टीकडे वळतो. नोंद नसली म्हणजे काय समजायचे? १९७८ च्या सुमारास संगणकवाल्यांनी एक सोयीचा नियम रूढ केला: जे सिद्ध करता येत नाही ते खोटे धरावे. आगगाडीच्या वेळापत्रकाला हा नियम शोभतो. नगरहून पहाटे तीनची गाडी वेळापत्रकात छापलेली नाही, तर ती नाही. कीथ क्लार्क यांनी या नियमाला शास्त्रीय पाया दिला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात रॉबर्ट कोवाल्स्की आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ब्रिटनचा नागरिकत्व कायदा याच जातीच्या तर्कात लिहून दाखवला. कायदा यंत्राला वाचता येतो हे जगाला त्या वेळी कळले. पण फाटक नसलेल्या रुळाजवळ उभे राहून पाहा. "गाडी येत असल्याचे मला माहीत नाही, म्हणून ओलांडतो," हा एक चालक. "गाडी येत नाही हे मी पाहिले आहे, म्हणून ओलांडतो," हा दुसरा. तुमची मुले कोणाच्या बसमध्ये बसवाल? हा दाखला मॅकार्थी यांचा म्हणून सांगतात. पुढे गेलफाँड आणि लिफशिट्झ यांनी आपल्या तर्कात या दोन 'नाहीं'ना दोन वेगळी चिन्हे दिली, 'माहीत नाही' निराळे आणि 'नाही हे माहीत आहे' निराळे. वरकरणी छोटीशी गोष्ट वाटते. माझ्या मते या पन्नास वर्षांतले हे सर्वांत उपयोगी काम आहे.

आमच्या एका सभासदाचे निवृत्तीनंतरचे पैसे एका कचेरीत दोन वर्षे अडले. एका कागदावर वडिलांच्या नावापुढे 'राव' होते, दुसऱ्यावर नव्हते. खिडकीतला मुलगा सभ्य होता. म्हणाला, "दादा, मला दिसतंय तुम्ही तेच आहात. पण सिस्टीम घेत नाही." म्हणजे माणसाला माहीत होते, यंत्राला जुळणी सिद्ध करता आली नाही, आणि सिद्ध झाले नाही म्हणून यंत्राने ते 'नाही' धरले. पुरावा आणण्याचे ओझे सत्तावन्न वर्षांच्या, गुडघे गेलेल्या माणसावर पडले, आणि हे ओझे त्याच्यावर टाकायचे असे कुठल्याही कायद्यात कुणी ठरवलेले नव्हते. कुणा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने सोयीसाठी धरलेल्या गृहीतात ते आपोआप ठरून गेले होते.

न्यायालयातही ओझे कामगारावर असते, हे खरे. वर्षात २४० दिवस काम केले हे कामगारानेच दाखवावे, नुसते शपथपत्र पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले. पण २००५ मध्ये त्याच न्यायालयाने हेही लक्षात घेतले की रोजंदारीच्या माणसाला नेमणूकपत्र मिळत नाही, पगाराची चिठ्ठी मिळत नाही; तो साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून सांगतो आणि मालकाकडचे मस्टर मागवतो. ते मस्टर पुढे आले नाही तर काय समजायचे, हे त्या त्या प्रकरणाच्या वस्तुस्थितीवर न्यायालय पाहील. ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर सरकण्याला तिथे जागा आहे. खिडकीमागच्या यंत्रात ती जागा नव्हती.

आता पुन्हा काट्यावरच्या कारकुनाकडे, कारण त्याची शेवटची परीक्षा राहिली आहे. बाध्य-बाधक तर्काचेही दोन पंथ आहेत. समजा, तो कायम की हंगामी हे पहिल्या टेबलावर ठरले नाही. फाइल दुसऱ्या टेबलावर गेली. तिथे नियम असे: कायम माणसाला वसाहतीत खोली द्यावी, आणि सर्वसाधारणपणे अर्जदाराला खोली नाही. पहिला पंथ म्हणतो, कायमपणा सिद्ध झालेला नाही, तेव्हा खोली देणारा नियम लागूच नाही; उरला दुसरा; निकाल, खोली नाही. पहिल्या टेबलावरची शंका तिथेच गाडली गेली आणि दुसऱ्या टेबलावर तिचे स्पष्ट 'नाही' झाले. दुसरा पंथ म्हणतो, शंका फाइलबरोबर पुढे गेली पाहिजे. कायमपणाच्या बाजूने एक नियम अजून उभा आहे, त्याला कुणी हरवलेले नाही. तेव्हा 'खोली नाही' हेही सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. हे प्रकरणही अनिर्णीत ठेवा आणि तसे लिहा.

विद्वान या दोन पंथांविषयी समतोल राखून लिहितात. पहिला पंथ कामाला बरा, लवकर निकाल देतो. दुसरा सावध, पण पुष्कळ वेळा हात वर करतो. फौजदारी खटल्यात आरोपीविरुद्धची साक्ष संशयास्पद ठरली तर तो निर्दोष मानला जावा, यासाठी पहिला पंथच हवा, हेही मला पटते. पण कचेरीत? पहिल्या टेबलावर 'ठरले नाही', दुसऱ्यावर 'नाही', आणि तिसऱ्यावर 'कधी नव्हताच', असा प्रवास मी इतक्या फाइलींचा पाहिला आहे की मी तटस्थ राहू शकत नाही. मी दुसऱ्या पंथाचा. दुसऱ्या पंथाने काम तुंबते, ही तक्रार मला मान्य आहे. तुंबलेले काम निदान दिसते तरी.

कुणी म्हणेल, हे सगळे जुने झाले. आजची यंत्रे नियमांनी चालतच नाहीत, ती कोट्यवधी पाने वाचून बोलायला शिकतात. ते खरे आहे, आणि त्यांच्याविषयी बोलायला माझ्याहून जाणता वक्ता बोलवावा. पण पगार, पेन्शन, रेशन, विमा यांच्या खिडक्यांमागे आजही बहुतेक ठिकाणी कुणीतरी हाताने लिहिलेले नियमच बसलेले आहेत. माझ्या पुतणीने लिहिलेले काही त्यांत आहेत. ती आता कामाला बसताना एका कागदावर आधी लिहून काढते की माहिती नसेल तर यंत्र काय धरील, ते धरल्याने कागद कुणाला आणावे लागतील, आणि अपवाद नेमका कोणत्या कलमाला सारील. वरिष्ठ तिला म्हणतात, याने वेळ जातो. जातोच.

काट्यावरचा कारकून खराखुरा आहे, हे मी सांगितलेच. कारखान्याचे नाव सांगत नाही, प्रकरण चालू आहे. मागच्या खेपेला आम्ही बंद हंगामातल्या रिटेन्शनच्या रकमेचे जुने रजिस्टर मागवले. त्यात त्याचे नाव निघाले तर निदान हंगाम ते हंगाम नाते तुटलेले नव्हते, एवढे उभे राहील. रजिस्टर सापडत नाही, असे समोरच्या वकिलांनी सांगितले. सापडत नाही की नाहीच आहे, असा प्रश्न मी आमच्या वकिलांकरवी लेखी विचारला आहे. पुढची तारीख जूनची आहे.